म्हाळूने दाखवलेली युती

एका गावात म्हाळू नावाचा एक भोळा राहायचा. घरचा नियम त्याला पाठ होता: मोठे सांगतील ते करायचं, का ते विचारायचं नाही. त्याची बहीण हर्षदा कॉलेजात शिकून आली होती आणि उठसूट का विचारायची. म्हणून घरात शहाणा म्हाळू होता.

त्या दिवसांत संध्याकाळी पश्चिमेला शुक्र आणि गुरू रोज जवळ सरकत होते. थोरल्या काकांनी, म्हणजे नानांनी, पंचांग चाळलं आणि नेमके युतीच्या संध्याकाळी हर्षदाला बघायला पाहुणे बोलावले.

"वर ग्रह जुळतायत, खाली सोयरीक जुळेल."

"ते जुळत नाहीत, नाना. कोट्यवधी मैल लांब आहेत एकमेकांपासून. आपल्याला तसे दिसतात."

"तू पोह्यांचं बघ."

हर्षदाला शाळेतला उमेश मास्तर आवडायचा. पण त्या घरात पोह्यांत मीठ किती, याखेरीज तिचं मत कोणी विचारत नसे.

आदल्या संध्याकाळी म्हाळू गच्चीवर ट्यूबलाइटखाली उभा राहून म्हणाला, "नाना, आकाशात काहीच दिसत नाही."

"गाढवा, बघायचं असेल तर आधी दिवे मालवावेत."

म्हाळूने ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पाहुणे आले. मुलाचे मामा म्हणाले, "चला, मुलगी बघू." म्हाळूने मेन स्विच पाडला. मामांचा चहा त्यांच्या धोतराने प्यायला.

"अरे, माणसं बघायची तर लख्ख उजेड करावा," नाना करवादले.

म्हाळूने तेही ध्यानात ठेवलं.

मग नाना पाहुण्यांना आणि हर्षदाला युती दाखवायला शाळेच्या मैदानावर घेऊन गेले. तिथे उमेशने दुर्बीण लावली होती. सगळा गाव लोटला होता. म्हाळूने पाहिलं, एवढी माणसं, आणि उजेडाचा पत्ता नाही. त्याने ट्रॅक्टर आणला आणि दिवे सगळ्यांच्या तोंडावर सोडले. लोक डोळे चोळत एकमेकांच्या पायावर पाय देऊ लागले.

नानांनी दात आवळून समजावलं, "वरच्यांना उजेड नको असतो, खालच्यांना लागतो. दोघं जवळ आलेले दिसले की बोट दाखवावं आणि सगळ्यांना हाक मारावी. असा योग परत येत नाही."

एवढं बोलून नानांनी दुर्बीण बळकावली आणि लावायचा तोच डोळा मिटला. उमेशला काम उरलं नाही. तो दिसेनासा झाला. हर्षदाही.

म्हाळू ट्रॅक्टर परत न्यायला निघाला, तर पाण्याच्या टाकीमागे ती दोघं. हातात हात. म्हाळूने विचार केला. दोघं जवळ आलेत, हे खरं. पण वर नाहीत, खाली आहेत. त्याने दिवे लावले, बोट दाखवलं आणि हाक मारली.

"नाना, या लवकर. मामा, तुम्हीपण या. इथे दुर्बीण लागत नाही. मधे बोटभर फट नाही."

गाव धावला. पुढे नाना, मागे मामा.

"हर्षदा, हात सोड त्याचा."

"नाही सोडणार. लग्न करीन तर याच्याशी. पाहुण्यांना गाडीत बसवून द्या."

नाना मान वर करून शुक्र शोधू लागले. मामा टाकीवरची पाण्याची पातळी बघू लागले.

म्हाळूला वाटलं, यांना अजून नीट दिसलेलं नाही. त्याने ट्रॅक्टर आणखी पुढे घेतला.