फणसाच्या पानांचा द्रोण

त्या साली कातळनाथ महाराज सह्याद्रीच्या पायथ्याशी शेवरवाडीत मुक्कामाला होते. गावाच्या वरच्या अंगाला देवराई, आणि तिच्या सीमेवरच्या शेंदूर लावलेल्या धोंड्याजवळ महाराजांची झोपडी. राई काही मोठी नव्हे. या टोकाची हाक त्या टोकाला ऐकू यावी एवढीच. नियमही साधा. आत अनवाणी जायचं आणि आतलं काही बाहेर आणायचं नाही. अंगाला चिकटलेलं पानसुद्धा लोक धोंड्यापाशी झटकत आणि मगच घराकडे वळत.

धाकू रोज सकाळी राईत जाई. त्याची बायको भागी आश्विनात वारली होती. त्याआधी तीस वर्षं दोघं शेतावर जाण्यापूर्वी मोठ्या ऐनाच्या बुंध्याशी घडीभर बसत. भागी पडलेल्या फणसाच्या पानांचा द्रोण करी. सगळा गाव द्रोणाला काड्या उभ्या टोचतो. भागी शेवटची काडी आडवी टोचायची. त्यात करवंदं खायची आणि द्रोण तिथंच ठेवून यायचं. कस्तुर पक्ष्यानं शीळ घातली की ती हुबेहूब तशीच शीळ परत घाली. धाकूलाही तिनंच शिकवली होती.

यंदा वैशाख लागला तरी कस्तुर बोलला नव्हता. धाकू नुसता वाट पाहत बसे. आपण शीळ घालावी आणि उत्तर आलंच नाही तर? म्हणून तो घालत नसे.

गावचे अनाजी खोत त्याला पाहून म्हणत, "काय धाकू, आज तरी भेटली का बायको? झाडाला फार बिलगू नकोस हो, मुंगळे असतात!" बरोबरची माणसं हसत. धाकू खाली मान घालून पुढे जाई.

एके सकाळी खोत महाराजांकडे आले. "महाराज, आपल्याला मठ बांधतो. राईतला तो मोठा ऐन पाडला की खांबांचं काम झालं."

महाराज म्हणाले, "आम्हांला झोपडी पुरते, खोत."

"आपल्याला पुरते हो, पण दर्शनाला आलं की आम्ही भिजतो!"

धाकू तिथंच बसला होता. त्यानं महाराजांचे पाय धरले. "महाराज, तेवढं झाड नको. ती तिथंच टेकून बसायची."

"ऐका!" खोत म्हणाले. "देवाच्या कामापेक्षा याच्या बायकोचं टेकणं मोठं!"

महाराज शांतपणे म्हणाले, "खोत, एकदा त्या झाडापाशी जाऊन या. एकटे जा. मग बोलू."

खोत हसले आणि पायातल्या वहाणांसकट आत शिरले.

दुपार टळली तरी ते परतले नाहीत. माणसांनी हाका मारल्या, राई दोनदा पालथी घातली. एवढ्याशा राईत माणूस सापडेना! "चकवा लागला," कुणीतरी म्हणालं, आणि मग आत जायला कुणी धजेना. खोतांची बायको धावत आली आणि पदर तोंडाशी धरून धोंड्याजवळच बसली.

महाराज म्हणाले, "धाकू, शीळ घाल."

"मला नाही जमायची, महाराज."

"तिनं शिकवलीय ना?"

धाकूनं खोतीणबाईंकडे पाहिलं. माणूस घरी येत नाही म्हणजे काय, हे त्याला सांगायला नको होतं. त्यानं ओठ ओले केले. पहिल्यांदा नुसता वारा निघाला. दुसऱ्यांदा शीळ उमटली.

आणि आतून कस्तुरानं उत्तर दिलं!

धाकूचे डोळे भरून आले. तो शीळ घालत आणि उत्तराच्या मागं जात राहिला. धोंड्यापासून चाळीस पावलांवर, त्याच ऐनाच्या बुंध्याशी, खोत बसले होते. वहाणा कुठं गेल्या होत्या देव जाणे. हातात द्रोण होता.

"किती फिरलो रे! ओरडलो, कुणी ओ देईना. मग एक बाई आली, हिरवं लुगडं नेसलेली. पदर पुढं ओढलेला, तोंड काही दिसलं नाही. म्हणाली, 'बसा खोत, दमलात. करवंदं खा. शीळ ऐकू आली की भिऊ नका, आमचं माणूस येतंय.'"

धाकूनं द्रोण हातात घेतला. शेवटची काडी आडवी होती.

खोतांचा हात धरून त्यानं त्यांना बाहेर आणलं. द्रोण छातीशी होता. धोंड्यापाशी येऊन तो थांबला.

"महाराज, मला का नाही दिसली ती?"

"वाट चुकलेल्याकडे ती धावली, बाळा. तुला तिनं उत्तर दिलं की."

"एकदा बघायचं होतं."

"हो रे," महाराज म्हणाले. "बघायचं तर असतंच."

खोत हळूच म्हणाले, "द्रोण घरी ने, धाकू. तुझ्याच माणसाचा आहे. कोण काय म्हणणार आहे?"

धाकू बराच वेळ द्रोणाकडे पाहत राहिला. मग वाकून त्यानं तो धोंड्याच्या आतल्या बाजूला, राईच्या मातीवर ठेवला. खांद्यावरचं एक पान झटकलं.

"तिनं कधी काही बाहेर आणलं नाही," तो म्हणाला.

ऐन तोडायला निघालेले खोत हे पाहत उभे होते. ते महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले, तर महाराज बाजूला झाले. समोर धोंडा होता, आणि त्यापलीकडे द्रोण. खोतांनी पागोटं काढलं आणि कपाळ मातीला टेकलं. आत कस्तुर पुन्हा बोलला, धाकूनं त्याला उत्तर दिलं, तरी खोत उठले नव्हते.