सुरंगीखालची वेणी

बसा जरा, मुहूर्ताला अजून वेळ आहे. नवरी घरात दिसत नाही म्हणून तुमच्या वऱ्हाडात कुजबुज चाललेली मी ऐकली. ती कुठे गेलेली नाही. खाडीच्या काठावर ते सुरंगीचं झाड दिसतंय ना, त्याच्या बुंध्याशी काळी सपाट शिळा आहे, तिच्यावर बसली आहे. आमच्या सुरंगवाडीत नवरीची वेणी घरात घालत नाहीत. उघड्यावर, सगळ्यांच्या देखत, त्या शिळेवर घालतात. असं का, ते मला माझ्या आजेसासूने सांगितलं, आणि तिला तिच्या सासूने.

फार मागची गोष्ट. या गावात रवळू नावाचा होडीवाला होता, असं सांगतात. त्याला एकच मुलगी, गोजरा. तिचे केस म्हणे इतके दाट होते की नाहून आली तर संध्याकाळपर्यंत वाळत नसत. तिचं लग्न पलीकडच्या तीरावर ठरलं. मुलगी बघायला आलेल्या सत्यभामेने, म्हणजे होणाऱ्या सासूने, तिच्या वेणीवरून हात फिरवूनच होकार दिला होता.

लग्न महिन्यावर आलं आणि गोजराला ताप भरला. जीव वाचला, पण केस गेले. मुठीमुठीने गळले. उरलेसुरले आईने कापून टाकले. त्या काळात बोडक्या डोक्याची नवरी म्हणजे अपशकुन. सोयरीक मोडायला तेवढं कारण पुरे होतं.

तापात तिच्या उशाशी शेजारची आवडी बसून असायची. ही आवडी एके काळी गावातल्या प्रत्येक नवरीचे केस बांधायची. तिने घातलेला खोपा नवरी सासरी पोचली तरी ढळत नसे. पण तिचा नवरा खाडीत बुडाला आणि शुभकार्याला तिला कोणी बोलावेना. फणी तिने फळीवर ठेवून दिली होती.

गोजराची आई म्हणाली, "पदर घट्ट घे, लग्न लागू दे, मग बघू."

"आज लपवलं तर जन्मभर लपवत बसावं लागेल," गोजरा म्हणाली. "मला गंगावन लावा. वेणी बाहेर शिळेवर घाला. आणि ती आवडीवहिनी घालील."

गावच्या मुख्य मानकऱ्याची, गावकरांची म्हातारी आई, रखमाआजी, तिथेच होती. तिचा शब्द गावात कोणी मोडत नसे. ती म्हणाली, "विधवेचा हात नवरीच्या डोक्याला? मी असेपर्यंत नाही."

"आजी, मी मरायला टेकले होते तेव्हा याच हाताने माझ्या टाळूवर तेल थापलं. तेव्हा चालला तो."

आजी उठून गेली.

गंगावन म्हणजे वरून जोडायची वेणी; डोक्यावर केस नसले तर फडक्याला शिवून बांधायची. तिला केस हवेत. पूर्वी बायका फणीत आलेला गुंतवळ टाकत नसत, भिंतीच्या फटीत खोचून ठेवत. गोजराचा हट्ट घरोघर कळला आणि एकेक बाई आपापला गुंतवळ घेऊन आवडीच्या दारात आली. काळा, भुरा, मेंदीने लालसर. तुझा कुठला, माझा कुठला, म्हणून हसून हसून त्यांची पोटं दुखली. आवडीने तो सगळा धुतला, विंचरला, जुळवला. तरी लग्नाच्या सकाळी वेणी आखूडच भरली. मधल्या पेडाला लांब केस नव्हते.

तेवढ्यात रखमाआजी आली. आवडीकडे पाठ करून शिळेवर बसली आणि आपला अंबाडा सोडला.

"काप," ती म्हणाली. "पांढरे चालतील ना?"

"मधल्या पेडात घालते, आजी. सारी वेणी त्यांच्यावरच तोलायची आहे."

भरती लवकर आली, म्हणून वऱ्हाडाच्या होड्याही लवकर लागल्या. सत्यभामा काठावर उतरली तर समोर हे. गोजराचं डोकं उघडं, गंगावन अजून आवडीच्या हातात. बायकांचं हसणं थांबलं.

गोजरा उठली नाही. म्हणाली, "तापात माझे केस गेले. या वेणीत एकही केस माझा नाही. परत फिरायचं असेल, तर पाणी अजून उतरलेलं नाही."

"मग कोणाचे आहेत?" सत्यभामेने विचारलं.

"गावाचे," आवडी म्हणाली.

सत्यभामेने वेणी हातात घेतली, पेड न् पेड निरखला. "म्हणजे माझ्या घरी सारं गाव येणार तर," ती म्हणाली. मग तिने आपली एक बट मोकळी केली, कापायला लावली आणि आवडीपुढे धरली. "ही पण यात घाल. अशी गुंफ की उद्या कोणाला निराळी काढता येऊ नये."

त्यानंतर ढोलवाले मुहूर्ताला थांबलेच नाहीत म्हणे. बायकांनी त्या शिळेभोवती फुगड्या घातल्या, आणि भटजी हाका मारून दमले.

आजही या गावात नवरीचा पहिला पेड विधवा बाई घालते. आजचा मी घातला. आणि शेवटच्या पेडात वरमाईची बट गुंफल्याशिवाय आम्ही वेणी पुरी झाली असं म्हणत नाही. विहीणबाई, तुम्हालाच बोलवायला आले होते. चला, पोरगी मघापासून मान वाकवून बसली आहे.