मुळापर्यंत न पोचलेला लेप

एका राज्यात नदी चढावर वाहत असे आणि लोकांना त्याचं काही वाटत नसे. तिथे रत्नशेखर नावाचा राजा होता. राजा शूर, राजा न्यायी, आणि राजा टकला. जन्माचा टकला नव्हे, शापाचा.

झालं होतं असं. कर्दम नावाचा मांत्रिक दरबारात आला. वाकून मुजरा करताना त्याचं पागोटं घरंगळलं, आतला तुळतुळीत गोटा उघडा पडला आणि राणी मृणालवतीला हसू फुटलं. मांत्रिकाला सगळं सोसतं, हसणं सोसत नाही. त्यानं चिमूटभर भस्म फुंकलं. राणीची मुनिया झाली. राजाचे केस गळाले आणि गळताक्षणी त्यांची राख झाली.

"राजाच्या मस्तकावर उगवलेला केस चोचीत धरशील, तेव्हा माणूस होशील," एवढं बोलून कर्दम धूर होऊन गेला. शापाला पळवाट ठेवावीच लागते. मांत्रिकांनाही काही धर्म असतो.

मुनिया रोज सकाळी राजाच्या खिडकीत येई. आधी आधी ती खूप बोलायची. मग शब्द गळू लागले. झाडांची नावं गेली, सख्यांची गेली, लग्नातले उखाणे गेले. आता "स्वामी" हा एकच शब्द उरला होता. तोही गेला की ती रानातल्या थव्याबरोबर उडून जाणार, हे राजाला कोणी न सांगताच कळलं होतं. तरी रोज तो खिडकीत तिच्यासाठी दाणे ठेवी. जगाला केसांची हौस असते; राजाला एका केसाची आस होती.

राजवैद्य पद्मनाभ लेपात कसूर करीत नव्हते. माका, जास्वंद, ब्राह्मी, सगळं झालं. पण त्या राज्याची रीत मोठी कडक. अभिषेक झालेल्या मस्तकाला कोणी हात लावायचा नाही, न्हाऊ तर मुळीच घालायचं नाही, तीर्थ वाहून जाईल. उलट दर पाडव्याला त्यावर नवं चंदन, नवं तूप, नवा मध. वैद्यबुवा हातभर लांब पळीनं लेप ओतत आणि तो ओघळून राजाच्या कानांवर जाई. कानांवर मात्र झुबके आले होते. त्यातला एक केस राजानं मुनियेच्या चोचीत देऊन पाहिला. काही झालं नाही. शाप कानांचा नव्हता.

एके सकाळी सज्ज्यावर एक म्हातारं गिधाड येऊन बसलं.

"टकलेपणात मी तुझा थोरला," ते म्हणालं. "म्हणून सांगतो. कानांवर उगवलं, म्हणजे औषध खरं आहे. डोक्यावर तुझ्या पाडव्यांची पुटं चढली आहेत. लेप वरच्या वर वाळतो, मुळाला वास देखील लागत नाही. सर्पाचे रिठे, यक्षिणीची वाफ, साळिंदराचा काटा, या क्रमानं जा. आधी धू, मग शेकव, मग टोच. नंतर लेप."

राजा एकटाच निघाला. रिठ्याच्या झाडाला वेटोळं घालून सर्प बसला होता.

"अभिषेक धुतलास तर राजा उरणार नाहीस," सर्प म्हणाला.

"ठाऊक आहे," राजा म्हणाला आणि त्यानं शेल्यात रिठे घेतले.

ओढ्यात डोकं घासलं तेव्हा नारळाच्या करवंटीसारखं कवच निघालं. ते खेकड्यांनी खाल्लं. त्या ओढ्याचे खेकडे तेव्हापासून सरळ चालतात.

पुढे डोंगराखाली यक्षिणी निजली होती. तिच्या उसाशाची वाफ कातळ मऊ करी; पण प्रियकर परत आल्यापासून तिनं उसासाच टाकला नव्हता. राजा तिच्या उशाशी बसला. त्यानं खिडकीतल्या दाण्यांचं सांगितलं. कोणता शब्द कोणत्या ऋतूत गेला ते सांगितलं. राणी एकांतात रीत मोडून त्याच्या केसांतून बोटं फिरवायची आणि बाहेर पावलं वाजली की साळसूदपणे हात मागे घ्यायची, हेही सांगितलं. यक्षिणीनं झोपेतच असा उसासा टाकला की राजाच्या डोक्याचं रंध्र न् रंध्र उघडलं.

साळिंदरानं काटा दिला, पण बजावलं, "टोचणारा हात दुसऱ्याचा हवा. रक्त नको, नुसती लाली."

राजा परतला आणि वैद्यापुढे पाटावर बसला. वैद्यबुवा मागे सरले. महाराजांच्या मस्तकाला हात लावणं आपल्यानं व्हायचं नाही, वाटल्यास सुळी द्यावं, असं म्हणू लागले.

"पद्मनाभ, मी आता महाराज नाही. डोकं असलेला माणूस आहे. ते दुखतंय. हात लावा."

वैद्यांनी हळूहळू काटा टोचला, लाली आली, मग बोटांच्या पेरांनी लेप चोळला. इतक्या काळानं त्या डोक्यावर कोणाचं बोट टेकलं होतं. राजानं डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत.

लव आली. लवेचे केस होऊ लागले. आणि ते बोटभर होतात न होतात तोच एका सकाळी मुनिया आली ती थवा घेऊनच. राजानं हाक मारली. तिनं मान तिरकी केली, नुसती चिवचिवली. शेवटचा शब्द गेला होता. दाण्यांकडे तिनं पाहिलं नाही. तिच्या चोचीत गवताची काडी होती. तिला घरटं बांधायचं होतं.

राजाला सगळं उमगलं. आठवण करून देण्यात आता अर्थ नव्हता. त्यानं खिडकीच्या चौकटीवर मस्तक टेकवलं आणि रानातल्या गवतासारखा निमूट राहिला.

मुनिया डोक्यावर उतरली. इथे टोचून पाहिलं, तिथे टोचून पाहिलं. मऊ, मजबूत, घरट्याला बरा, असा एक केस तिनं निवडला आणि हिसका दिला.

खिडकीत राणी बसली होती. ओठांत केस, पदरात गवत. तिनं केस हातात घेतला, उजेडात धरला.

"स्वामी, दुखलं का?"

"पुन्हा ओढ," राजा म्हणाला.

प्रजेपुढे प्रश्न उभा राहिला, की अभिषेक धुतलेला माणूस राजा कसा? राणीनं उत्तर दिलं: नवा अभिषेक करा, आणि दुसऱ्या सकाळी त्यांना न्हाऊ घाला. तसंच झालं. पाठीमागे बसून राणीनं रिठ्याचा फेस केला, सगळ्या दरबारादेखत, आणि बाहेर पावलं वाजली तरी हात मागे घेतला नाही. नदी तेवढी चढावरच वाहत राहिली. तिला कोणाचा शाप नव्हता.