तुरेबाजनं लसूण खाल्ला त्याची गोष्ट

माणसांचं बोलणं कोंबड्यांना कळत होतं, तेव्हाची ही गोष्ट. तुरेबाज कोंबड्याचा घसा सर्दीनं असा बसला, की आरवायला गेला तर नुसतं फुस्स व्हायचं. त्याची मालकीण हौसाबाई म्हणाली, "रविवारपर्यंत आरवला तर ठीक, नाही तर रस्सा!"

तुरेबाजची बायको ढवळी पाट्याजवळून लसणाच्या पाकळ्या घेऊन आली. "अहो, खा. घसा सुटतो यानं."

तुरेबाज घाबरून खुराड्यावरच चढला. "अगं बये, या घरात लसूण सोलला की आपल्यातलं कुणीतरी कमी होतं! मामा गेले, दोन आत्तेभाऊ गेले."

"मग ठरवा. लसूण तुमच्या पोटात जाऊ द्यायचा, की तुम्ही लसणाच्या वाटणात जायचं?"

डोळे मिटून त्यानं दोन पाकळ्या गिळल्या. असं रोज केलं. रविवारी पहाटे अशी खणखणीत बांग दिली, की हौसाबाई दचकून उठली. कौतुकानं तिनं त्याला उचललं, हुंगलं आणि म्हणाली, "अगं बाई, याला तर आतूनच मसाला लागलाय!"

तुरेबाज तिच्या हातातून जो निसटला, तो थेट कौलांवर. तेव्हापासून हौसाबाई अंगणात दिसली, की तो भर दुपारीसुद्धा आरवून दाखवतो.