हौसाक्कांचं मत

जत्रेच्या तंबूत 'मढी उठली' या झॉम्बीपटाच्या दुसऱ्या भागाचा खेळ संपला, आणि खुद्द दिग्दर्शक सरंजामे कॅमेरा घेऊन मतं विचारायला आत आले. लोक भिडेखातर "झकास!" म्हणत होते. हौसाक्का मात्र म्हणाल्या, "पहिल्याला घाबरलो. ह्याला नाही."

सरंजाम्यांचा पारा चढला. "मावशी, अख्खं शहर घाबरलंय! जत्रेतल्या प्रेक्षकाला काय कळतंय?"

हौसाक्कांनी पदर खोचला. जत्रेच्या प्रेक्षकाला नाव ठेवलेलं त्या खपवून घेत नसत.

"न कळायला काय झालं? आमचं मालक म्हणजे गावातलं एक नंबरचं भित्रं. पहिला भाग बघून आठवडाभर परसात एकटं गेलं नव्हतं. आता बघा त्यांच्याकडं."

मागे सतरंजीवर मालक आ वासून घोरत होते. तंबूत हशा पिकला.

"दमले असतील," सरंजामे पुटपुटले.

"असतील की! पण तुम्ही तर मेलेल्यांना उठवता. ह्या झोपलेल्याला तेवढं उठवून दाखवा, मग मीही म्हणते झकास."

सरंजाम्यांनी इरेला पेटून शेवटची किंचाळी पुन्हा लावायला सांगितली, तीही पुऱ्या आवाजात.

मालकांनी कूस बदलली.