हिरूआत्या निजली ती जागा

फार मागची गोष्ट. शेवरखोलच्या डोंगरावर तेव्हा इतकं दाट रान होतं, की दुपारी खाली उन्हाचा कवडसा पडला तर लेकरं तो धरायला धावत. डोंगराखालच्या वाडीत हिरूआत्या राहायची. ती कोणा एकाची आत्या नव्हती, साऱ्यांचीच होती. तिचं काम गोठ्याची जमीन करायचं. मुरूम पसरायचा, पाणी शिंपडायचं, धुम्मसानं चोपायचं आणि शेणानं सारवायचं. असं म्हणतात, तिनं केलेल्या जमिनीवर गाय बसली की बसल्याजागी डोळे मिटायची.

वाडीतले जुने गोठे ओढ्याकाठी होते. एका पावसाळ्यात तिथला चिखल हटेचना. गुरांचे खूर सडले. बसलेलं जनावर उठेना, आणि माणसं त्याच्या डोक्याशी बसून राहिली. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून एकच मोठा गोठा बांधायचं ठरवलं, तोही वर, डोंगराच्या पायथ्याशी. हैबती वाडीचा कारभारी. तो म्हणाला, "आत्या, खाली दगडाच्या फरश्या टाकू. चिखलाची कटकटच नको."

"ओल्या फरशीवर गाभण गाय घसरते, बाळा. आणि दगडावर बसून गुडघे फुटतात ते वेगळंच."

तिनं काठीनं रेघा ओढल्या. इथं गव्हाण, इथं मोरी. गव्हाणीकडून मोरीकडं उतार, पण इतका बेताचा की पाणी वाहून जाईल आणि गाईला कळणारही नाही. जमिनीवर राख, राखेवर ऐनाचा वाळला पाला आणि सगळ्यात वर भाताचा पेंढा.

"गुरांचा गोठा करतेस का माहेरी आलेल्या लेकीचं अंथरूण?" हैबती हसला.

"लेक चार दिवस राहते रे. गाय जन्मभर."

मुरूम माळावरून आणायचा, तर लांबून डोक्यावर पाट्या वाहायला लागणार होत्या. गोठ्याच्या जागेमागंच, डोंगराच्या पायाला, तांबडा करकरीत मुरूम होता. आत्यानं तो मुठीत दाबून पाहिला आणि ती म्हणाली, "हाच घ्या." सगळ्यांनी तिथंच खणलं. डोंगराच्या पायाची मोठी खपली निघाली. तेव्हा कोणाला काही वाटलं नाही.

गोठा झाला. जमीन अशी झाली की बायका वाकून तिच्यावरून हात फिरवायच्या. पहिले दोन महिने गुरं सुखात राहिली.

मग श्रावणात झड लागली. आणि एका सकाळी गुरांनी बसणं सोडलं.

सगळी उभी. कोणी गव्हाणीत तोंड घालेना, कोणी रवंथ करेना. साऱ्यांची तोंडं दाराकडं. अंगावर माशी नसताना कातडी थरथरत होती. माणसांनी पेंढा वाढवला, कोवळं गवत आणलं, कपाळं खाजवली. गुरं उभीच. दुसऱ्या दिवशीही उभीच. त्यांचे पाय सुजले. असं म्हणतात, त्या गोठ्यात इतकी शांतता होती की आत शिरणारं माणूस आपोआप कुजबुजायला लागायचं.

"जागा बाधली," म्हातारे म्हणाले. "कोंबडं द्या."

कोंबडं दिलं. गुरं बसली नाहीत.

शेवटी लोक आत्याकडं बघायला लागले. जमीन तिची होती. ती आत गेली. पेंढा उचकला, पाला उचकला, राख बाजूला केली. खाली मुरूम कोरडा, घट्ट, हवा तसाच. जमिनीत खोट नव्हती. मग ती, जिथं गाय बसायची तिथं, गाईसारखीच कुशीवर निजली आणि तिनं कान जमिनीला लावला.

बाहेर पाऊस कोसळत होता. दाराशी सगळी वाडी उभी होती. आत्याचा कान जमिनीवरून निघेना. हैबतीनंच विचारलं, "काय गं? झोप लागली काय?"

आत्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती म्हणाली, "गुरांनी रवंथ सोडलंय, हैबती. डोंगर रवंथ करतोय."

कोणाला कळेना. ती म्हणाली, "खाली पाणी आहे. ते माती चावतंय. आपण या डोंगराचा पाय खणला. मीच दाखवला. दावी कापा, बाबांनो. घरातली लेकरं काढा. माळावर चला."

"एवढ्या पावसात? उघड्यावर?"

"कापा म्हणते ना!"

आत्या कधी ओरडली नव्हती. तेवढ्यानंच सगळे हलले. कोयत्यांनी दावी तुटली. गुरं एकमेकांना न ढुसता, न हंबरता ओळीनं बाहेर पडली. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं, लेकरं घोंगडीत गुंडाळली. राहिली ती हैबतीची तांबी गाय. तिचे दिवस भरले होते, पाय सुजले होते, एकेक पाऊल टाकायला तिला वेळ लागत होता.

आत्या मात्र उठली नव्हती. अडलेल्या गाईच्या पोटावरून फिरवावा तसा तिचा हात जमिनीवरून फिरत होता. "थांब गं बाई," ती म्हणत होती. "लेकरं जाऊ दे माझी. जरा थांब."

"आत्या, ऊठ!" हैबती दारातून ओरडला.

"मी उठले तर ही जमीन उठंल. तांबीला ने."

तो रडत तांबीला घेऊन निघाला. असं म्हणतात, तांबीचा मागचा पाय माळाच्या दगडावर पडला आणि तेव्हाच डोंगर खाली आला. आवाज आधी आला नाही. आधी झाडं चालताना दिसली, उभीच्या उभी. मग आवाज आला. मग गोठा नव्हता, वाडी नव्हती, ओढाही नव्हता.

माळावर, भर पावसात, गुरं एकेक करून खाली बसली.

पाऊस उघडल्यावर लोकांनी खणलं. आत्या सापडली नाही. पण असं म्हणतात, त्या तांबड्या राड्यात एका ठिकाणी पेंढा कोरडा होता, आणि त्यावर कुशीवर निजलेल्या माणसाचा ठसा होता. हात लावला तर ऊब लागली. लोकांनी तिथं पुन्हा माती लोटली.

शेवरखोल आता माळावर आहे. तिथं डोंगराच्या पायाला कोणी कुदळ लावत नाही. मुरूम माळाच्या पार दुसऱ्या टोकावरून, डोक्यावर येतो. नवा गोठा झाला, राख, पाला, पेंढा अंथरून झाला, की घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस आधी त्यावर कुशीवर निजतं आणि कान जमिनीला लावतं. बाकीचे दाराशी गप्प उभे राहतात. कोणीतरी विचारतं, "आत्या काय म्हणते?" निजलेलं माणूस म्हणतं, "झोपलीय." मग गाय आत नेतात.

कधी कधी निजलेलं माणूस लवकर उत्तर देत नाही. तेव्हा दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. गाय धरून उभा असलेला तिचं दावं आखूड करतो, तिचं तोंड हळूच माळाकडं वळवतो, आणि बायका घरात झोपलेली लेकरं उचलायला जातात.