साठ की अडुसष्ट

"...मग साठची पुरेल, का सरळ अडुसष्टचीच टाकू?"

शंतनू नेजदारने दोन्ही थ्रॉटल बॉडी गॅरेजातल्या बाकावर मांडल्या. इंजिनात हवा सोडणाऱ्या दोन कोऱ्या नळ्या, एकीचं तोंड साठ मिलिमीटर, दुसरीचं अडुसष्ट; आत पितळी झडप.

दस्तगीर उस्तादांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ते चहा पीत राहिले.

"चाचा, मी काय विचारतोय?"

"ऐकतोय."

"इंजिनाला हवा पुरत नाही. घाटात चढ लागला की गाडी दम टाकते. तोंड मोठं केलं तर..."

"तर हवा जास्त जाईल. बरोबर हाय."

शंतनूला बरं वाटलं. उस्तादांचा सगळ्यात हुशार चेला आपणच, हे त्याला ठाऊक होतं आणि तो ते चारचौघांत सांगायचाही. घाटातल्या शर्यतीत पहिला नंबर त्याचाच, असं कोल्हापुरात धरूनच चालत. आता मात्र तो सारखा मागे पडत होता. रविवारच्या शर्यतीत पुन्हा तेच झालं, तर त्याचा संघ गाडी दुसऱ्याच्या हाती देणार होता. तोंडावर कोणी बोलत नसे. पाठीमागे म्हणत, नाचता येईना अंगण वाकडं.

गेल्या साली घाटातल्या एका वळणावर गाडी कड्यावर आदळली होती. शेजारी बसून पुढची वळणं सांगणारा केदार जागच्या जागी गेला. शंतनूला साधा ओरखडा आला नाही, आणि हेच त्याला सोसत नव्हतं.

गाडी उस्तादांनीच पुन्हा उभी केली. आता शंतनू ती एकटाच पळवायचा.

उस्ताद उठले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि आत बॅटरीचा उजेड धरला.

"बघ."

शंतनू वाकला.

झडप पूर्ण उघडली की तिचा दांडा ज्या खिट्टीवर आपटतो, तिथं लाल रंगाचा ठिपका होता. शर्यतीची गाडी हाती देताना उस्ताद तो लावायचेच. शिकत असताना शंतनूनेही कितीतरी गाड्यांना लावला होता. पहिल्याच चढाला ॲक्सिलरेटरवर पाय पुरता दाबला, की दांडा आपटून रंग उडायचा.

हा ठिपका जसाच्या तसा होता.

शंतनूचे कान तापले.

"...रंग चांगला असेल."

"असंल."

उस्तादांनी बॅटरी विझवली.

"पाय जात नाही, चाचा," शंतनू शेवटी म्हणाला. "भीती वाटते. दाबायला गेलं की ते वळण दिसतं. आता सगळी वळणं तसलीच झालीत."

उस्तादांनी मान हलवली. ते पलीकडे गेले, शेजारच्या सीटचं दार उघडलं आणि बसायला वाकले.

सीट रिकामी होती. तिचा पट्टा मात्र घट्ट लावलेला होता.

"तिथं नका बसू," शंतनू घाईने म्हणाला. "...राहू दे तो तसाच."

"कोण लावतंय?"

"मीच. निघताना."

उस्ताद सरळ झाले. दार त्यांनी लावलं नाही.

शंतनूने अडुसष्टची नळी उचलली.

"सांगा ना, चाचा... कुठली बसवू?"

"कुठली बी बसव. पण आधी त्याचा पट्टा सोड. पोरगं कवाच उतरून गेलंय."